पहिल्या खड्याचं वाक्य

माझी थोरली बहीण, आमची अक्का, शाळेतून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची सगळी नोकरी वह्या तपासण्यात गेलेली. आता वह्या नव्हत्या, म्हणून तिनं जग तपासायला घेतलं असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "जग नाही रे बाबा. आधी येरमाळा."

येरमाळा आमचं गाव. मी कळंबला कॉलेजात ग्रंथपाल होतो, रोज एसटीनं जाऊन येऊन करायचो. अक्काचं आणि माझं घर एकच. तिला मूलबाळ नव्हतं, माझं लग्न झालं नाही, आणि आम्हा दोघांनाही वाचायचं वेड. त्यामुळं घरात बोलणं कमी आणि पानं उलटल्याचा आवाज जास्त.

हा ज्ञानकोश वाचायला सगळ्यांना मोकळा आणि लिहायलाही मोकळा. पगार कुणालाच नाही. आज मी एक ओळ लिहिली तर उद्या भूमचा कुणी ती दुरुस्त करतो, परवा परंड्याचा कुणी ती पुन्हा होती तशी करतो. प्रत्येक लेखामागं इतिहासाचं एक पान असतं. कुणी, कधी, कोणता शब्द बदलला ते सगळं तिथं राहतं. शेजारी चर्चेचं पान असतं. भांडायचं ते तिथं. मी आपला स्वल्पविराम दुरुस्त करणारा. भांडायची ती अक्का.

तिनं हात घातला तेव्हा आमच्या गावाच्या लेखात तालुक्याचं नाव आणि येडेश्वरीच्या, आमच्या येडाईच्या, देवळाचा उल्लेख, एवढंच होतं. अक्कानं तो लेख उभा केला. डोंगर, देऊळ, रस्ते, बाजार, पिकं, शाळा. आणि प्रत्येक वाक्याखाली छापील पुरावा. त्या ज्ञानकोशाचा नियमच तसा आहे: तुम्हाला काय माहीत आहे याला किंमत नाही, ते आधी कुठं छापून आलंय ते दाखवा. अक्काला हा नियम फार आवडला. मी कॉलेजातून जुनी गॅझेटियरं पिशवीत घालून आणायचो आणि ती चष्मा कपाळावर ढकलून, पान डोळ्यांजवळ धरून वाचत बसायची. पुरावा मिळाला नाही की चांगलं जमलेलं वाक्यसुद्धा स्वतःच्या हातानं पुसायची.

एक वाक्य मात्र तिनं पुराव्याशिवाय घातलं.

चैत्र पौर्णिमेला आमच्याकडं देवीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईकडं निघते आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात लोक वाकून चुनखडीचे खडे वेचतात. काळ्या रानात पांढरे खडे आणि लाखभर वाकलेली माणसं, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. याबद्दल छापील मजकूर भरपूर आहे. अक्कानं तो सगळा लावला आणि फाल्गुनात एका सकाळी त्याखाली एक वाक्य जोडलं: 'पूर्वी गर्दी बेताची असताना दक्षिणेकडच्या विहिरीपाशी पहिला खडा गावची माहेरवाशीण वेचत असे; तोवर बाकीचे लोक हात पाठीशी धरून उभे राहत.'

हे आई सांगायची. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात नणंदेनं खडा उचलेपर्यंत आई रानात तशी उभी राहिली होती. आई सांगायची तेव्हा तिचे हात आपोआप मागं जायचे. अक्कानं ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी त्याखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "मिळेल पुरावा. मी शोधते."

यात्रा झाल्यावर, रान मोकळं झाल्यावर आम्ही दोघं तिकडं फिरायला गेलो. अक्का मध्येच थांबली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. विहीर बुजलेली असली तरी खूण आहे, आणि ती रानाच्या उत्तरेला आहे. आमच्या घरची माणसं लहानपणापासून ते रान आमराईतून परतताना बघायची, त्यामुळं आमच्या डोक्यात सगळ्या दिशा उलट्या बसलेल्या. घरी येऊन तिनं चप्पल काढायच्या आधी 'दक्षिणेकडच्या' खोडून 'उत्तरेकडच्या' केलं.

पावसाळ्यात त्या वाक्यापुढं कंसात बारीक अक्षरांत पाटी लागली: 'संदर्भ हवा'. लावणारे सदस्य तुळजापूरचे होते. अक्कानं पाटी काढली. त्यांनी लावली. अक्कानं काढली. त्यांनी या वेळी वाक्यच काढलं. अक्कानं ते परत घातलं आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, 'हे सगळ्या येरमाळ्याला माहीत आहे. येडाईची शपथ.' खाली उत्तर आलं, 'येडाई आमचीही आहे. पण शपथ हा संदर्भ नव्हे, बाई.'

"बाई म्हणतोय मला," अक्का म्हणाली. "म्हणजे मी मास्तरीण आहे हे याला कळलंय. कसं कळलं?"

"तू त्याच्या मजकुरातल्या चुका लाल रंगानं दाखवल्यास ना," मी म्हणालो.

शेवटी प्रचालक मध्ये पडल्या. प्रचालक म्हणजे पानाला कुलूप लावायचा अधिकार असलेला सदस्य, तोही बिनपगारीच. आमच्या या प्रचालक भूमला औषधाचं दुकान चालवतात, वयानं आमच्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी पान बंद केलं आणि दिवाळीच्या सुट्टीत जिल्ह्यातल्या सदस्यांना धाराशिवला एका वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. नाश्त्याला सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, होती. तिथं अक्कानं आपला वैरी पहिल्यांदा पाहिला. पुजाऱ्यांच्या घरातले, कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, अंगानं किरकोळ, कपाळाला कुंकू.

"तुमीच का त्या येरमाळ्याच्या?" त्यांनी विचारलं.

"व्हय, मीच ती," अक्का म्हणाली. घरात ती असं बोलत नसे. समोरचा माणूस ज्या भाषेत भांडेल त्याच भाषेत भांडायचं, हा तिचा नियम. "माझं वाक्य तुमच्या डोळ्यात कुसळासारखं का सलतंय, ते सांगा."

"सलत न्हाय ओ. वाक्य लई झ्याक हाय. म्हणूनच भ्या वाटतं. झ्याक वाक्याला कुणी पुरावा मागत न्हाय."

मी अक्काकडं बघितलं. तिला हे पटलं होतं, आणि पटल्याचा राग आला होता.

"आन तुळजापूरच्या लेखात तुमच्या आजोबांबद्दल जे लिवलंय ते?" ती म्हणाली.

"त्याला पुस्तक लावलंय की."

"कुणाचं पुस्तक?"

ते सुशीलेतली मिरची बाजूला काढत राहिले. मग म्हणाले, "चुलत्याचं."

खोलीतले सगळे हसले. तेही हसले. तेवढ्यात प्रचालक बाईंनी तोडगा सांगितला: वाक्य राहील, पाटीही राहील, आणि गुढीपाडव्यापर्यंत पुरावा मिळाला नाही तर वाक्य जाईल.

"पाडव्यापर्यंत?" अक्का म्हणाली. "अहो, मला जुने अंक चाळायला सोलापूरला जावं लागेल. त्याच्या पुढच्या पाडव्यापर्यंत द्या."

"द्या द्या," तुळजापूरचे म्हणाले. "बाईंना बी कळू द्या की न्हाय मिळत."

त्यानंतरचं वर्ष अक्कानं शोधण्यात घालवलं. देवस्थानांवरची पुस्तकं, शाळांचे वार्षिक अंक, जुनी प्रवासवर्णनं. चुना सगळीकडं होता, माहेरवाशीण कुठंच नव्हती. दर महिन्याला ती चर्चेच्या पानावर प्रामाणिकपणे लिहायची: 'अमुक पाहिले. नाही.' खाली तुळजापूरहून एक शब्द यायचा: 'वाचले.' बाकी त्या दोघांची काही ओळखपाळख नव्हती. पण एखाद्या महिन्यात 'वाचले' यायला उशीर झाला की अक्का म्हणायची, "आजारी आहे की काय पुजारी?"

आजारी ती पडली. मार्गशीर्षात गेली. आजार लांबला नाही, एवढंच त्यातलं बरं.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. एका दुपारी मी कॉम्प्युटर सुरू केला, काही लिहायला नव्हे, तिची वाक्यं वाचायला. लेख उघडला तर 'संदर्भ हवा' ही पाटी नव्हती. वाक्याखाली संदर्भ लागलेला. चर्चेच्या पानावर तुळजापूरचा मजकूर: 'बाई गेल्याचे कळले. घरातली जुनी रद्दी चाळताना एका दैनिकाची यात्रा पुरवणी मिळाली. बाईंचे वाक्य त्यात छापलेले आहे. पाटी मी लावली होती, मीच काढत आहे. बाई जिंकल्या.' खाली बऱ्याच जणांनी श्रद्धांजली वाहिली होती. सोलापूरकडच्या एका सदस्यानं लिहिलं होतं की हे वाक्य आता कुणी हलवू नये.

तिला हे कळायला हवं होतं, असं वाटलं. मग त्यांनी जोडलेला पुरवणीचा फोटो मोठा करून वाचला.

'पूर्वी गर्दी बेताची असताना दक्षिणेकडच्या विहिरीपाशी पहिला खडा गावची माहेरवाशीण वेचत असे…'

दक्षिणेकडच्या.

मी उठलो, चहा ठेवला, तो न पिताच पुन्हा येऊन बसलो. पुरवणीवरची तारीख पाहिली. लेखाच्या इतिहासाचं पान काढलं. अक्कानं वाक्य लिहिलं फाल्गुनात. पुरवणी छापली त्याला लागून आलेल्या चैत्रात, यात्रेच्या तोंडावर. दिशा तिनं दुरुस्त केली यात्रेनंतर. ही चूक जगात एकाच घरची असू शकते आणि ते घर आमचं. पुरवणी भरणाऱ्यानं मजकूर आमच्याच लेखातून उचलला होता, चुकीसकट. आणि आता तीच पुरवणी त्याच वाक्याचा पुरावा म्हणून खाली बसली होती. भिंतीला पायरीचा टेकू आणि पायरीला भिंतीचा.

हे जिल्ह्यात फक्त मला माहीत होतं. मी बोललो नसतो तर अक्काचं वाक्य कायम राहिलं असतं. तिच्या हयातीत झाला नाही असा तिचा विजय, तोही तिच्या विरोधकाच्या हातचा. बोललो तर वाक्य जाणार होतं. आईची रानातली ती उभी मूर्ती त्या वाक्याशिवाय दुसरीकडं कुठंच लिहिलेली नव्हती.

काही दिवस मी काहीच केलं नाही. मग एका सकाळी दोन तारखा आणि विहिरीची गोष्ट चर्चेच्या पानावर साध्या शब्दांत लिहिली, आणि शेवटी लिहिलं: 'हा संदर्भ धरता येणार नाही. त्यामुळे वाक्यही ठेवता येणार नाही.'

दुपारी फोन आला. त्यांनी माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

"अहो, तुमाला काय गरज होती?"

"तुम्ही तारखा पाहिल्या का?"

"आता बघितल्या. म्हंजी त्यांनी बाईंचंच उतरवून घेतलं?"

"शब्दाला शब्द."

"आन म्या तेच उचलून बाईंच्या खाली लावलं. दोन वर्सं मी छापील छापील करत बसलो, आन छापील हातात आलं तवा तारीख बघायचं बी सुचलं न्हाय. लई वंगाळ झालं हे."

"तुम्ही चांगल्या मनानं केलंत."

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच. कुणाला कळणार हाय? तुमी, मी आन येडाई."

"येडाईला पुरावा लागत नाही," मी म्हणालो. "ज्ञानकोशाला लागतो."

"बहिणीचं वाक्य हाय ओ तुमच्या!"

"म्हणूनच."

ते चिडले. फोन ठेवला आणि चर्चेच्या पानावर गेले. ज्या माणसानं एवढे दिवस वाक्य काढा म्हणून भांडण केलं तो आता ठेवा म्हणून भांडू लागला, आणि ज्याची बहीण गेली तो काढा म्हणत होता. सोलापूरकडचे सदस्य त्यांच्या बाजूचे: श्रद्धांजली म्हणून एक वाक्य राहिलं तर काय बिघडतं? आणखी एकानं लिहिलं की ग्रंथपाल पुस्तकांसारखेच कोरडे असतात. ते मला लागलं.

प्रचालक बाईंनी ठरवलं असतं तर एका वाक्यात निकाल दिला असता. नियम उघड होता. त्यांनी तसं केलं नाही. त्यांची एक रीत आहे, भांडण फार तापलं की त्या वापरतात. दोन्ही बाजूंना सांगतात की आता आपलं म्हणणं मांडायचं नाही, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं; आणि समोरचा 'होय, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचं. तोवर लेखाला कुणी हात लावायचा नाही.

तुळजापूरकरांनी आधी लिहिलं: 'ग्रंथपालांच्या मते नियम म्हणजे नियम.' मी लिहिलं, 'नाही, हे माझे म्हणणे नव्हे.' त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं: 'ग्रंथपालांच्या मते ते वाक्य खोटे आहे.' मी लिहिलं, 'नाही. माझ्या आईने ते डोळ्यांनी पाहिले आहे.' मग दोन दिवस काहीच आलं नाही. नंतर हे आलं: 'ग्रंथपाल म्हणतात, वाक्य खरे असेल. पण ते खरे आहे असे सांगणारा साक्षीदार म्हणून आपण त्याच वाक्याला उभे केले आहे. त्यांच्या बहिणीने असा साक्षीदार वर्गात उभा राहू दिला नसता.'

'होय,' मी लिहिलं. 'हेच.'

आता माझी पाळी. मला लिहायला वेळ लागतो. मी अक्काच्या खुर्चीत बसून पाच-सहा वेळा लिहून पुसलं. शेवटी ठेवलं ते असं: 'तुळजापूरच्या सदस्यांचे म्हणणे असे, की दोन वर्षे या वाक्यावरून भांडण झाले म्हणून दोन वर्षे बाईंशी बोलणे झाले. वाक्य गेले तर बोलायला जागा राहणार नाही, आणि बाई त्यांच्यासाठी पुन्हा एकदा जातील.'

त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. 'होय. मला हे लिहिता आले नसते.' आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत: 'संदर्भ मी लावला, मी काढतो. वाक्य तुम्ही काढा.'

त्यांनी संदर्भ काढला. मी वाक्य निवडलं, पुसलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'आधार आपल्याच लेखातून घेतलेला. चर्चा पाहा.' जतनाचं बटण दाबलं. पाडव्याला अजून अवकाश होता.

मला वाटलं होतं जड जाईल. गेलं नाही. मी तो लेख वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला, ती वाचायची तसा. डोंगरापासून बाजारापर्यंत एकही वाक्य असं नव्हतं की ज्याखाली पक्की जमीन नाही. ती सगळी तिची वाक्यं होती. आमच्या तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावाचा लेख इतका घट्ट विणलेला नाही. मी ग्रंथपाल होतो, माझ्या हातून हजारो पुस्तकं गेली, आणि मी हे ताठ मानेनं सांगू शकतो.

तुळजापूरहून पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात राग नव्हता.

"वाचलं सगळं. बोट घालायला जागा न्हाय ओ कुठं."

"तिनं ठेवलीच नाही," मी म्हणालो.

"न्हाय ठिवली. ग्रंथपाल, मघाशी मीच त्या आमच्या लेखातलं चुलत्याचं पुस्तक काढलं. बाई म्हणल्या असत्या, उशिरा सुचलं."

"म्हणाली असतीच."

"व्हय. आन लाल रंगानं म्हणाल्या असत्या."

प्रचालक बाई आता नव्या सदस्यांना शिकवताना आमची ती चर्चा पडद्यावर दाखवतात. उन्हाळ्यात धाराशिवला असा एक वर्ग झाला, तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण यात जिंकलं कोण?" बाई म्हणाल्या, "लेख." मी खाली मान घालून बसलो, कारण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं. अक्काची वाक्यं त्या पडद्यावर तिच्या उंचीपेक्षा मोठी दिसत होती.

आईनं पाहिलेलं मी अजूनही सांगतो. कुणी विचारलं की सांगतो, आणि आधी म्हणतो की हे आई सांगायची. इथंही ते तसंच, आठवण म्हणून लिहिलं आहे. उद्या हे छापून आलं तर कुणीतरी उत्साहानं हा मजकूर त्या लेखाला संदर्भ म्हणून लावेल, याची मला धास्ती आहे. कृपा करून लावू नये. लावला तर मी तो काढीन, आणि माझ्या हातून राहिलाच तर तुळजापूरकर काढतील.